तोरणाखालचा ट्रॅक्टर

हायवेच्या रुंदीकरणात आमचं रस्त्याकडेचं शेत गेलं आणि बाबांच्या खात्यात मोबदला जमा झाला. ही बातमी बेल्लमपल्लीला, माझ्या सासरी पोचायच्या आधी आदिलाबादच्या सोनाराला कळली होती. कशी, याचा शोध मी अजून घेते आहे. नको तिथं नाक खुपसायची माझी जुनीच खोड. पोळ्याला नार्नूरजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा त्या नाकाला भरपूर काम मिळालं.

ओसरीवर नुसती वर्दळ होती. विमावाला, प्लॉटवाला, सोनाराकडून कॅलेंडर घेऊन आलेली मुलगी, ट्रॅक्टरच्या शोरूमचा सेल्समन. बाजारात ज्यांना लोक ‘ओ मामा, सरका’ म्हणायचे, ते बाबा आता ‘सेठजी’ झाले होते. आई चहा करून करून वैतागली. मी मात्र प्रत्येकाशेजारी जाऊन बसायची. विमावाल्याला बाबांची गुडघेदुखी माहीत होती, प्लॉटवाल्याला माझ्या मुलीचं वय. आमच्या घराची इतक्या आस्थेनं चौकशी सख्ख्या नातेवाइकांनीही कधी केली नव्हती.

बाबा सगळ्यांचं ऐकून घेत आणि कुणालाच हो म्हणत नसत. त्यांना गेलेल्या शेताच्या बदल्यात शेत हवं होतं, बस्स. गावातल्या म्हाताऱ्या मानकऱ्यांचं विहिरीचं शेत विकायचं होतं. त्यांची मुलं हैदराबादला, कसणारं मागे कुणी नाही. दोघांचा शब्द झाला होता, पोळा झाला की कागद करायचे. ते हातचं गेलं तर दुसरं मिळणं कठीण, कारण मोबदला मिळालेला जो तो जमीनच शोधत होता. आणि शेत नाही तर बाबांना आपली बैलजोडी विकावी लागणार होती.

आमच्याकडे पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी मानकऱ्यांची जाते. ती गेल्याशिवाय बाकी कुणी पाऊल टाकत नाही.

हे त्या सेल्समनला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं पोळ्याच्या दिवशी नवाकोरा ट्रॅक्टर बैलासारखा सजवून आणला. बॉनेटवर झूल, दिव्यांना बाशिंग, वर झेंडूच्या माळा. मला हसू आवरेना. फोटोसाठी त्यानं बाबांना मडगार्डवर बसायचा आग्रह केला आणि बाबा भिडेखातर बसले. फोटोत तोरण यावं म्हणून त्यानं ट्रॅक्टर जरासा पुढं घेतला. आंब्याच्या पानांचं तोरण धुराड्याला अडकून तुटलं आणि ट्रॅक्टर पलीकडे गेला. मानाची जोडी अजून वाटेतच होती.

वाजंत्री थांबली. मानकऱ्यांनी येऊन तुटलेलं तोरण पाहिलं, मडगार्डवरच्या बाबांना पाहिलं, आणि जोडी वळवून ते घरी निघून गेले. बाबा खाली उतरले. सेल्समन ज्याला त्याला ‘क्या हुआ?’ विचारत होता.

बाबा तसेच मानकऱ्यांकडे गेले. मीही पुरणपोळीच्या ताटाचं निमित्त करून मागोमाग गेले. म्हातारा गोठ्यात बसला होता, बैलांची बाशिंगंही उतरवली नव्हती. बाबांनी पाय धरून चूक कबूल केली.

“ट्रॅक्टरचा राग नाही रे मले,” म्हातारा म्हणाला. “शेत तुले देल्यावर जोडी कोठं ठेवू? पुढच्या पोळ्याले मी कोठं उभा राहू, थे सांग.”

ओसरीवर कोण काय मिळवायला आलंय, एवढंच मी न्याहाळत बसले होते. या पैशापायी कुणाचं काय जाणार, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“जोडी माह्या गोठ्यात राहीन, तुमच्याच शेतात राबन,” बाबा म्हणाले. “पण पोळ्याले दोरी तुमच्याच हातात. आमी मांगं उभे राहू.”

म्हातारा उठला, त्यानं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि खुंट्यावरून दोरी सोडली. तोवर पोरांनी नवं तोरण बांधलं होतं. दिवस मावळता मावळता जोडी त्याच्याखालून गेली.

पुढं ठरल्याप्रमाणे कागद झाले. आमची ओसरी ओस पडली आणि सगळी मंडळी, कॅलेंडरसकट, मानकऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. आईला हायसं वाटलं. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

यंदाच्या पोळ्यालाही मी गेले होते. म्हातारा दोरी धरून सगळ्यांच्या पुढं, बाबा आपल्या जुन्या जोडीबरोबर मागं. गर्दीत तोच सेल्समन दिसला, ट्रॅक्टर न घेता आलेला. त्यानं हळूच मला विचारलं, “पहली जोडी किसकी है?”

मी म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.