पेपरात न आलेला पूल

आम्ही तिघे वार्ताहर तीन वेगवेगळ्या पेपरांचे, पण बातम्या मात्र एकमेकांना द्यायचो. वरच्यांना कळलं असतं तर तिघांनाही हाकललं असतं! पण हिशेब सरळ होता, एकाने बातमी दाबली तर दुसरा छापेलच.

म्हणून मोलगीच्या बाजारात एक म्हातारा माझा हात धरून म्हणाला, "भाऊ, पेपरात दे," तेव्हा मी बेधडक हो म्हटलं. त्याच्या पाड्याजवळचा पूल बांधला त्याच्या पुढच्याच वर्षी वाहून गेला होता. जीप नाल्याच्या अलीकडेच थांबते. त्यामुळे थोरल्या सुनेला बाळंतपणासाठी बांबूच्या झोळीत घालून नाल्यातून आणावं लागलं. बाई आणि बाळ वाचले, पण आता धाकटी सून पोटुशी होती. तिच्या आधी पूल व्हावा, एवढंच त्याचं म्हणणं.

झोळीचा फोटो, पूल, ठेकेदाराचं नाव, सगळं आम्ही तिघांनी आपापल्या पेपरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही पेपरांत तोच फोटो आणि खाली तीच एक ओळ: 'दुर्गम भागात आजही झोळीची प्रथा.' प्रथा! माझं डोकंच फिरलं. शहाद्याच्या जोडीदाराला फोन लावला, तर तो म्हणाला, "आते तिन्ही पेपर एकच मालकना शेतस, भो. पूलबी त्यानाच कंपनीना." म्हणजे पेपरांचा मालक आणि ठेकेदार एकच! मग आमच्या पेपरात बातम्या कापणाऱ्या, डेस्कवरच्या माणसाला झापायला गेलो. तो बिचारा हळूच म्हणाला, "दादा, फोटो तरी वाचवला मी."

पुढच्या बाजारी म्हातारा माझी वाटच बघत होता. त्याला वाचता येत नाही. "वाच ना," म्हणाला. त्याचं तोंड बघून मला खरं बोलवेना. पेपर समोर धरून मी माझी मूळ बातमी म्हणून दाखवली, पुलासकट, ठेकेदारासकट. तो खूश झाला आणि पेपर मागून घेऊन गेला.

तो थेट तालुक्याच्या कचेरीत गेला आणि साहेबापुढे पेपर ठेवून म्हणाला, आता बांधा, छापून आलंय. साहेबाने ती एक ओळ मोठ्याने वाचली. अख्खी कचेरी हसली.

हे त्यानेच मला नंतरच्या बाजारी सांगितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्याला माझा संशयसुद्धा आला नव्हता. त्याने तोच पेपर माझ्यापुढे उघडला.

"त्यांना पूल सापडत नाही म्हणे. कुठं लिहिलाय तिथं बोट ठेव, भाऊ. मी खूण करून नेतो."