धोट्याकडं बघायचं न्हाय

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर, करणीवर, कुणाच्या अंगात येण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. माणसांवरही जरा बेतानंच आहे. वारणानगरजवळच्या एका गावात दूध संकलन केंद्रावर माझी नोकरी. दुधात पाणी घालून वर देवाची शपथ घेणारी माणसं मी रोज सकाळी बघते. त्यामुळे कुणी काही सांगितलं की आधी तपासायचं, मग मान डोलवायची, ही सवयच लागून गेली. हे लिहायला इतके महिने लागले ते त्यामुळेच... कारण या प्रकारात मला अजून पाणी सापडलेलं नाही. (नावं बदलली आहेत. भाऊ मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर सोडून काही वाचत नाही, म्हणून हे धाडस.)

माझं माहेर कबनूरचं. घराच्या मागं आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छोटा यंत्रमाग कारखाना. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा. लाकडाचा, पण दोन्ही टोकांना लोखंड. लहानपणापासून आण्णांचा आम्हा भावंडांना एकच दम, "धोट्याकडं बघायचं न्हाय. डोळं फिरत्यात. कान द्यायचा." माग बिघडायला लागला की आवाज बदलतो, तो ऐकायचा. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, विजूला, ते इतकं अंगवळणी पडलं होतं की टीव्हीवर टेनिस लागलं तरी आम्ही चॅनेल बदलायचो.

काही वर्षांपूर्वी असाच एक धोटा मागातून उडाला आणि आण्णांच्या कानशिलावर बसला. माग विजू चालवत होता. कारखान्यात ते दोघंच. मी सासरी होते. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. विजूनं मला एवढंच सांगितलं, "काय न्हाय बोलले. जाग्यावर गेले."

त्यानंतर विजूनं कारखान्यात पाऊल टाकलं नाही. उचगावला एका गोडाऊनमध्ये कामाला लागला. पण राहायला कबनूरातच, आणि तिथं मागाच्या आवाजापासून पळून जाणार कुठं? एकदा तो धाकट्या पोरीला कडेवर घेऊन उभा होता, शेजारचा माग सुरू झाला आणि पोरगी त्याच्या हातातून सुटली. तिला फारसं लागलं नाही. पण तेव्हापासून त्यानं पोरीला हात लावला नाही. ती "पप्पा, उचल की" म्हणून पायाला बिलगायची आणि हा हात मागं बांधून उभा. त्याची बायको सुनीता मला फोनवर म्हणाली, "आक्का, माणूस घरात हाय, पर न्हाय बघा." मला रडूच फुटलं.

तिनंच कुठूनतरी राजारामपुरीतल्या एका मॅडमचा पत्ता काढला. डोळ्यांच्या हालचालींची थेरपी म्हणे. समोर बसून मॅडम दोन बोटं डावीकडून उजवीकडं हलवणार, आपण नजरेनं पाठलाग करायचा, आणि मनात ती वाईट आठवण धरायची. हळूहळू तिची धार जाते. मी ऐकलं आणि म्हटलं, झालं! आता बोटं नाचवणारे पण आले. विजूला एकट्याला पाठवणं शक्यच नव्हतं.

मॅडमची खोली मी डोळ्यांत तेल घालून बघितली. लिंबू नाही, फोटो नाही, उदबत्ती नाही. दोन खुर्च्या, एक कुंडी. तरी घरून पाण्याची बाटली नेली होती, तिथलं पाणी विजूला पिऊ दिलं नाही. मी सरळच विचारलं, "हे हिप्नोटाइज करता काय तुम्ही?" मॅडम हसल्या. "नाही हो ताई. ते पूर्ण शुद्धीवर असतात. नको वाटलं की हात वर करायचा, मी थांबते." हसल्या म्हणून माझा संशय आणखी वाढला.

पण गाडी अडली ती भलतीकडंच. विजूची नजर बोटांमागं जाईचना! मधेच थांबायची, मान खाली जायची. मॅडमनी वेग कमी केला, खुर्ची सरकवली, काही उपयोग नाही. त्यांना काय माहीत... मला मात्र कळलं. आण्णांचा दम होता तो.

"आरं, बोटं हायेत ती, धोटा न्हवं," मी म्हटलं. "बघ की!"

"बघाय हुत न्हाय, आक्का."

"थांब, मी बसतो शेजारी. मी बघतो, तू बी बघ." (आमच्याकडं बायकाही 'बसतो-जातो'च म्हणतात.)

मॅडमना ते फारसं पसंत नव्हतं. असं सहसा करत नाही म्हणाल्या. पण विजू मी असेन तरच बसायला तयार होता, म्हणून एवढ्यापुरतं म्हणत त्यांनी मान्य केलं. मी खुर्ची लावली. खरं सांगू? मला त्यांची चलाखी पकडायची होती. म्हणून मी ती बोटं जिवाचे डोळे करून बघितली. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं... आयुष्यात पहिल्यांदा मी आण्णांचं ऐकलं नाही.

पुढं दर शनिवारी असंच. मॅडम थांबून विचारायच्या, "आता काय येतंय?" विजू म्हणायचा, "हाय. त्येच हाय." यापलीकडं माझ्यासमोर त्यानं कधी तोंड उघडलं नाही. हे मी ठासून सांगते, कारण सगळं याच्यावरच अडलंय.

विजू सुधारला. आधी झोप लागली, मग शेजारचा माग सुरू झाला तरी जेवत राहिला. एक दिवस सुनीतानं फोटो पाठवला, पोरगी त्याच्या खांद्यावर बसलेली. मी केंद्रावर सगळ्यांना पेढे वाटले.

आणि त्याच आठवड्यात ते सुरू झालं. दुधाची तपासणी चालू होती, यंत्र खटखटलं आणि माझ्यासमोर एक हात आला. माझा नाही, पुरुषाचा. अंगठ्याला हिरवी चिंधी बांधलेली. पलीकडं आण्णा जमिनीवर, मागाला टेकून बसलेले. बसलेले! आणि अगदी नेहमीच्या, वैतागलेल्या आवाजात म्हणाले, "विजा, आधी माग बंद कर. कापड खराब हुतंय." तो हात मागाच्या दांड्याकडं गेला. माग थांबला. वळून बघितलं तेव्हा आण्णा गेले होते.

माझ्या हातातली बाटली फुटली. त्यानंतर मिक्सर, शिलाई मशीन, काहीही खटखटलं की तेच. हुबेहूब तेच.

पुढच्या खेपेला कबनूरला गेल्यावर मी विजूला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी तुझ्या अंगठ्याला काय लागलं होतं का रं?"

तो चहा पिता पिता थांबला. "कापला हुता. हिरवी चिंधी बांधलेली. तुला कुणी सांगितलं?"

मी मॅडमना गाठलं. तुम्हाला त्यानं काय काय सांगितलंय, विचारलं. ते सांगता येणार नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, जवळच्या माणसाचं दुःख बघून मन स्वतःच चित्रं रंगवतं, ताई. असेल. पण चिंधीचा रंग? कदाचित विजूच कधी बोलला असेल आणि मी विसरले असेन. कदाचित आण्णांच्या सुतकाच्या दिवसांत चिंधी माझ्या नजरेला पडली असेल. मी सगळ्या बाजूंनी तपासलं. मॅडमवर संशय घेतला, विजूवर घेतला, स्वतःवरही घेतला. आण्णांच्या त्या वाक्याचा मात्र कशातच मेळ लागत नाही. मॅडम म्हणतात, तुम्हीही उपचार घ्या. मी टाळते आहे. माझ्यातून ते जाईल, पण जाईल कुठं, हे मला कुणी सांगत नाही.

गेल्या महिन्यात विजूनं कारखाना पुन्हा सुरू केला. मी नारळ घेऊन गेले. पोरगी दारात खेळत होती. सगळे चहाला घरात गेल्यावर तो माझ्याजवळ आला.

"आक्का, चिंधीचं इचारलंस तवाच वाटलं. तुला त्यो दिवस दिसतोय न्हवं?"

मी दारातल्या पोरीकडं बघत राहिले.

"आण्णा कायतरी बोलले हुते. मी कुणाला सांगितलं न्हाय. पर आता त्यांचं त्वांड हललेलं तेवढं दिसतंय, आवाज येत न्हाय. लई ताण दिला, न्हाय येत. तुला येतोय काय? काय म्हणालेले गं?"

बापानं सांगितलं म्हणून हा आधी मागाकडं गेला. आणि बापाकडं वळेपर्यंत उशीर झाला. इतकी वर्षं हेच एकट्यानं उराशी धरून बसला होता, आणि आता ते त्याच्यापाशी नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"काय न्हाय बोलले," मी म्हटलं. "जाग्यावर गेले."

 "असंल," तो म्हणाला, पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं माग सुरू केला.