दादाचा पडदा कोणाच्या पक्षाचा

दादा गेला तेव्हा तेरा दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही. शेजारचे डबे आणायचे आणि डब्याबरोबर प्रत्येक जण दादाचा एक किस्सा आणायचा. डबे घासून ज्याचे त्याला परत दिले. किस्से माझ्याकडेच राहिले. आता ते इतके झालेत की कोणाला सांगितले नाहीत तर माझं डोकं फुटेल.

दादा म्हणजे दीपक, माझा थोरला भाऊ. छातीत दुखतंय म्हणाला, गॅस असेल म्हणाला आणि गेला. अडीच महिने झाले. आमचं गाव खारबावच्या अलीकडे. धंदा एकच: मोठा पडदा, प्रोजेक्टर, दोन स्पीकर आणि जनरेटर. एरवी पूजा आणि क्रिकेटची मॅच, इलेक्शन आलं की पिक्चर. हल्ली प्रत्येक इलेक्शनच्या तोंडावर कुठल्या तरी पुढाऱ्याच्या आयुष्यावर पिक्चर निघतो. थेटरात जाऊन तो कोण बघत नाही, म्हणून उमेदवार मैदानात फुकट दाखवतात. पडदा आमचा. टेम्पो चालवायला रफिकभाई, वायरी ओढायला मी.

दादा सगळ्यांना एकच सांगायचा, "आपण पडदा लावतो, शिक्का मारत न्हाय." पिक्चर दोन्ही पक्षांचे दाखवायचा. स्वतःचं मत कोणाला, ते त्याने आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. आता तो बोलायला नाही, तर दोन्ही पक्ष सांगत फिरतायत की दीपक आमचाच होता. इलेक्शन पुन्हा जवळ आलंय. तो कोणाचा नव्हता, हे सांगायला आता मी एकटाच आहे आणि मला भाषण येत नाही. मी सातवीपर्यंत शिकलोय. म्हणून किस्से.

*

शो कोणाचाही असो, पहिल्यांदा गळ्यात उपरणं पडतं. दादा नाही म्हणायचा नाही. गळ्यात घालून घ्यायचा, नमस्कार करायचा, फोटो काढू द्यायचा. माणसं पांगली की एका पक्षाच्या उपरण्याने लेन्स पुसायचा आणि दुसऱ्या पक्षाच्या उपरण्याने जनरेटर.

पुढच्या शोला उपरणी बदलायचा. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, "कोनाला वाईट वाटाया नको."

*

खारबावला मैदान लहान आणि माणसं जास्त. एक अख्खी आळी पडद्याच्या मागे जाऊन बसली. आमचा पडदा कापडाचा, मागूनही चित्र दिसतं, फक्त उलटं.

पिक्चरमध्ये पुढारी सारखा सही करायचा. शेतकऱ्याच्या कागदावर सही, धरणाच्या कागदावर सही. समोरच्यांना तो उजव्या हाताने करताना दिसला, मागच्यांना डाव्या. मागच्या आळीत तिघं डावखुरे. त्यांना आयुष्यभर जेवताना बोलणी बसलेली. दुसऱ्या दिवसापासून आळीत एकच चर्चा, साहेब आपल्यातले आहेत.

निकालाच्या दिवशी त्या आळीच्या बूथवर त्या उमेदवाराला मतंच मतं. तो स्वतः घरी आला आणि दादाला विचारू लागला की तिथे नेमकं काय केलंस. दादाने खूप विचार केला आणि म्हणाला, "पब्लिक मागं बसवा."

*

नारपोलीत पॉवरलूमच्या कारखान्यांमधल्या मोकळ्या जागेत शो होता. आठला शिफ्ट बदलते. दिवसपाळीवाले सुटून येईपर्यंत इंटरव्हल झालेला. रात्रपाळीवाले इंटरव्हलपर्यंत बसले आणि ड्युटीला गेले. म्हणजे अर्ध्यांनी पहिला अर्धा भाग बघितला आणि अर्ध्यांनी दुसरा.

पहिल्या भागात पुढारी अनवाणी फिरतो, उपाशी झोपतो. दुसऱ्या भागात तो बंगल्यात असतो, त्याच्या मागेपुढे गाड्या असतात. आठवडाभर कारखान्यात भांडण. रात्रपाळी म्हणते, बेचारा बहुत गरीब है. दिवसपाळी म्हणते, गरीब कहाँ से, हमने देखा ना. दोन्ही पाळ्या एकमेकांना खोटारडं म्हणू लागल्या.

उमेदवाराने हे ऐकलं, घाबरला आणि स्वतः समजूत घालायला आला. सगळं नीट समजावलं, हात जोडले आणि विचारलं की आता मत कोणाला. एक म्हातारा कामगार शांतपणे म्हणाला, "साहब, हमारा सबका वोट तो गाँव में है. पिक्चर आप इधर दिखाते हो."

*

ही चूक माझी. अंबाडीला शो होता, दोन्ही पक्षांचे पेन ड्राइव्ह काळे, मी घाईत भलताच लावला. उमेदवार पहिल्या खुर्चीत बसलेला. पडद्यावर विरोधकांचा पुढारी.

पण आम्हा दोघा भावांशिवाय कोणाला कळेना. दोन्ही पिक्चरमध्ये पुढारी आधी लहान असतो. दोघंही गरीब, दोघांची आई आजारी, दोघंही कंदिलाखाली अभ्यास करतात. उमेदवार दोनदा डोळे पुसताना मी बघितला. पाऊण तास झाला आणि दादाला आठवलं की आता झेंडा येणार. त्याने जनरेटर बंद केला आणि डिझेल संपलं म्हणून सांगितलं.

अंधारात मला वाटलं, आज आम्हा दोघांनाही मार बसणार. उमेदवार टॉर्च घेऊन आला. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उरलेला कधी दावतोस? माझी मंडळी पन येईल बघाया."

*

आचारसंहिता लागली की तपासणीचं पथक फिरतं. आमच्या शोला एकदा गाडी आली. साहेब, दोन शिपाई, एक कॅमेरावाला. साहेब म्हणाले, हा प्रचार आहे, पुरावा म्हणून सगळं शूटिंग होईल, कोणी हलायचं नाही. कोणी हललं नाही. पथकसुद्धा हललं नाही. खुर्च्या घेऊन शेवटपर्यंत बसले.

पिक्चर संपल्यावर साहेबांनी दादाला बाजूला बोलावलं. दादाने आधीच हात जोडले. साहेब म्हणाले, "आम्ही उशिरा पोचलो. पुराव्याला सुरुवात पन लागंल. पहिल्यापासून लाव."

*

गेल्या वेळी दोन पक्षांचे दोन पिक्चर आठवड्याच्या अंतराने लागले. दोन्हीत एकच नट. पहिल्यात तो पुढाऱ्यासाठी काठ्या खातो, दुसऱ्यात त्याच पुढाऱ्याच्या विरोधकाला खांद्यावर घेऊन नाचतो.

मला वाटलं, आता लोक पडदा खाली ओढणार. कोणाच्या तोंडावरची माशी हलली नाही. शेवटी माझ्या शेजारच्या काकांनी तंबाखू मळत विचारलं, "ह्यो कवा गेला तिकडं?"

रफिकभाई म्हणाला, "इंटरव्हल में."

काकांना पटलं.

*

दादाच्या दहाव्याला दोन बॅनर लागले होते. एकावर दादा निष्ठावंत कार्यकर्ता, दुसऱ्यावर कट्टर शिलेदार. फोटो दोन्हीवर एकच. तो माझ्याच लग्नातला. बाजूला मी होतो, मला कापलेलं.

मी पिंडदान अर्धवट टाकून उठलो आणि एक बॅनर फाडला. रफिकभाईने मला मागून धरलं आणि कानात म्हणाला, "एक फाड़ेगा तो लोग बोलेंगे, तू दूसरी पार्टी का है." म्हणून मी दुसराही फाडला.

रफिकभाईने दोन्हीचे तुकडे गोळा केले. "अब दोनों बोलेंगे," तो म्हणाला.

तेव्हापासून तेच चाललंय.

*

आता गेल्या आठवड्यातला. दादाने जायच्या आधी एका उमेदवाराला शब्द दिला होता, म्हणून शो करावा लागला. आमच्याच गावात, देवळासमोर. पिक्चर उमेदवाराचा स्वतःचा, वीस मिनिटांचा. मी आधी बघितला नव्हता. दादा प्रत्येक पिक्चर आधी बघायचा.

आई पहिल्यांदाच शोला आली होती. दादा असताना कधी आली नाही, आणि तो गेल्यापासून तर अंगणातसुद्धा उतरली नव्हती. रफिकभाईने तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

रस्ते झाले, गटार झालं, उमेदवाराने एका म्हातारीला लाडू भरवला. आणि एकदम पडद्यावर दादा आला.

कोणीतरी कधीतरी मोबाईलवर काढलेलं असणार. दादा शिडीवर उभा आहे, पडद्याची दोरी बांधतोय, खालून कोणीतरी काहीतरी बोलतं आणि तो वळून हसतो. पंधरा फुटांचा दादा. वरून जाड आवाजातला एक माणूस बोलत होता की दीपकसारखे कार्यकर्ते साहेबांसाठी शेवटच्या श्वासापर्यंत झिजले आणि त्यांचं स्वप्न आता तुमच्या मताने पूर्ण होणार.

मी वायर हातात धरली. ओढणारच होतो. प्रोजेक्टर जळाला तरी चालेल असं वाटलं.

"थांब," आई म्हणाली. मागे न बघता म्हणाली. "परत लाव."

मी जवळ जाऊन सांगितलं, "आई, खोटं बोलतायत ते. दादा कोनाचा नव्हता."

"ठाव हाय मना. आवाज बंद कर. नुसता त्याला दाव."

मी आवाज बंद केला. मागे नेऊन परत लावला. दादा वळला, हसला. अकरा सेकंदांचा तुकडा आहे. परत लावला. मग परत. मागे दोनशे माणसं बसून बघत होती. रफिकभाई टेम्पोला टेकून उभा होता, त्याने टोपी काढून हातात घेतली. मी मोजणं सोडून दिलं.

मग उमेदवाराचा प्रचारप्रमुख धावत पुढे आला आणि नेमका पडद्यासमोर उभा राहिला. शिडी त्याच्या पांढऱ्या शर्टावर, दादाचं तोंड त्याच्या छातीवर. हात हलवून मला ओरडून सांगू लागला की आवाज गेलाय, मुद्द्याचं तर आवाजातच आहे, बंद काय केलास. मी मुठी आवळून निघालो. मी पोचायच्या आधी आई त्याला म्हणाली,

"बस खाली. मांगच्यांना दिसत न्हाय."