मी लिहिलेली जन्मतारीख

माझ्या हातून शाळेत दाखल झालेली निम्मी पोरं एक जूनला जन्मली. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला टेकला की सहा वर्षं पूर्ण, तारीख एक जून, चला पुढचा! घोडेगावच्या बाजारात बैलाचे निदान दात तरी बघतात. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवलं, आणि या कामाची मला कधी लाज वाटली नव्हती.

गेल्या वर्षी एक आई मुलीला घेऊन माझ्या शेवगावच्या घरी आली. आई ऊसतोडीला जाणारी. मुलगी चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती, पुढे तिला वसतिगृहाच्या शाळेत ठेवलं. दहावीच्या वर्षी तिथल्या संस्थाचालकानं तिच्यावर अत्याचार केला, हे आईनं भिंतीकडे बघत सांगितलं. फौजदारी खटल्यात स्वयंपाकीण फितूर झाली, शिपाई फितूर झाला, आणि सुटलेल्या माणसावर गावानं गुलाल उधळला.

मग मायलेकींच्या वकीलबाईंनी त्याच्यावर आणि संस्थेवर दिवाणी दावा लावला. फौजदारीत सुटला म्हणून ही वाट बंद होत नाही, असं त्यांनी मला फोनवर समजावलं. इथे कुणाचं म्हणणं जास्त खरं वाटतं, ते न्यायाधीश तोलतात. अडचण एकच होती. अल्पवयात घडलेल्या गोष्टीसाठी अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि दाखल्यावरच्या एक जूनप्रमाणे तो दोन महिने उशिरा पडला होता. तिचा खरा जन्म त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरचा, ऊसतोडीच्या तळावर, पाचटाच्या कोपीत. त्याचा कागद कुठेच नव्हता.

"तारीख तुमी लिवली, बाई," आई म्हणाली. "अंदाजानं लिवली, येवढंच कोर्टात सांगा."

"मला पैसं नकोत," मुलगी म्हणाली. "मी खोटं बोलले न्हाई, हे कोर्टानं लिहून द्यावं. आन् त्यो तिथनं जावा. तिथं अजून पोरी हायेत."

मी हो म्हणाले. कुणाच्या विरोधात, हे मला ठाऊक होतं. तो संस्थाचालकही माझाच विद्यार्थी. त्याचाही वाढदिवस एक जूनलाच असतो, चौकात फ्लेक्स लागतात.

आठ दिवसांत दारासमोर एक पांढरी गाडी उभी राहू लागली. काच अर्धी खाली, आतून कुणी उतरत नसे. मग एक गोड बोलणारा माणूस पेढे घेऊन आला.

"बाई, किती पोरांच्या तारखा अशा लिवल्या म्हणून सांगनार? त्यांच्या नोकऱ्या हायेत, तुमची पेन्शन हाय. उगं कशाला?"

पेढे मी गटारात टाकले. कडी मात्र त्या दिवसापासून भरदुपारीही लावायला लागले. रोज वाटीभर कालवण घेऊन येणारी शेजारीण यायची बंद झाली. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू?

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी मुलीशेजारी बाकावर बसले होते. संस्थाचालक आला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे सात-आठ जण. पुढे निघून जाईल असं वाटलं. पण तो सरळ माझ्यासमोर थांबला, चपला काढल्या, वाकून माझ्या पायांना हात लावला.

"बाई, आशीर्वाद असू द्या."

पायाशी वाकलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर हात ठेवायची आयुष्यभराची सवय. माझा हात गेला. त्याच्या केसांचं तेल बोटांना लागलं तेव्हा मला कळलं. मागच्या एकानं मोबाईलवर फोटो काढला, आणि ते सगळे हसत आत गेले.

मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. मी तो पदराला पुसला, पुन्हा पुसला. ती उठली आणि आईच्या पलीकडे जाऊन बसली.

"पोरी, सवयीनं गेला गं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लबाड वाटला.

"मीबी अशीच वाकले व्हते, बाई," ती म्हणाली. "वसतिगृहात, पयल्या दिवशी. त्यानंबी असाच हात ठिवला व्हता."

आतून माझ्या नावाचा पुकारा झाला.