दस्तीखालचा सौदा

धंद्यात गोंधळ घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या वरच्या साहेबांइतका मन लावून गोंधळ घालणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. वरचे म्हणजे लातूरजवळच्या आमच्या मुरुडच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहणारे, आणि साहेब म्हणजे अस्सल इंग्लंडचे. तिकडे त्यांच्या घराण्याचा चार पिढ्यांचा बिस्किटांचा कारखाना. वडिलांनी त्यांना तीन वर्षांची मुदत दिली होती. तेवढ्यात स्वतःचा एक धंदा उभा करून दाखवायचा, नाहीतर गुमान परत येऊन कारखान्यात सांगितलेलं काम करायचं. साहेबांनी लंडनच्या दुकानात तूरडाळीच्या पाकिटावर 'लातूर' वाचलं आणि निघाले. एसटी मुरुडला चहासाठी थांबली, तेव्हा हेच लातूर समजून ते बॅगांसकट उतरले. चूक कळली तोवर गाडी गेली होती आणि गाव त्यांना आवडलं होतं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेलो, म्हणून गावाने मला दुभाषी नेमलं. पण त्यांचं इंग्रजी मला कळेना, माझं त्यांना कळेना. शेवटी आम्ही त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीवर आलो आणि दोघांनाही हायसं वाटलं.

त्यांना काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं, "गुरुजी, मी विचार करून राहिलो." विचार करून त्यांनी आधी गच्चीवर तुरीच्या शेंगा वाळत घातल्या, त्या माकडांनी नेल्या. मग गोणपाटाच्या पिशव्या शिवल्या. त्या इतक्या मजबूत झाल्या की एकदा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकलंच नाही. ते सगळ्यांचे आभार मानत, कंडक्टरचे आणि वाटेतून बाजूला झालेल्या म्हशीचेही. पण त्यांची खरी तऱ्हा म्हणजे दुसऱ्याचा शब्द खरा मानणं. सुतार 'उद्या या' म्हणाला की साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याच्या दारात जाऊन बसत. आजूबाजूचे लोक हसत, पण सुताराला मात्र हळूहळू लाज वाटायला लागली.

एकदा मी त्यांना गुरांच्या बाजाराला घेऊन गेलो, नुसतं बघायला. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी हातात हात द्यायचा, वर दस्ती टाकायची (रुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात) आणि आत बोटं धरून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला काडीचं कळत नाही. एका दलालाने साहेबांपुढे हात केला. साहेबांना वाटलं, रामराम करतोय. जोरात हात दाबणं म्हणजे त्यांच्या देशात चांगल्या घरचं वळण. दलालाने बोटं दाबली, यांनी सगळा पंजा दाबला. त्याने पुन्हा दाबली, यांनी दुप्पट जोराने. दस्ती उचलली तेव्हा दलाल घामाघूम झाला होता.

"गुरुजी, सौदा झाला! सायबानं माझ्याच भावावर चढून मागितलं की. असं गिऱ्हाईक म्या जन्मात बघितलं न्हाई."

साहेबांनी देवणी जातीची बैलजोडी घेतली होती. मी दलालाशी हुज्जत घालायला लागलो, तर साहेबांनीच मला थांबवलं. "मी हात दिला ना? मग झालं."

पंधरा दिवस बैल आमच्या अंगणात उभे राहून कडबा खात होते आणि मुदतीचं जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. साहेबांचा चेहरा उतरला. तेव्हा आमची ही म्हणाली, "माझ्या माहेरी बैलाचा घाणा होता. करडईचं तेल काढायचे." साहेब म्हणाले, "काकू, मी विचार करून राहिलो," आणि तडक सुताराच्या दारात जाऊन बसले. बऱ्याच उद्यांनंतर लाकडी घाणा उभा राहिला. एक बैल फिरे, दुसरा बघे. तेल निघालं, गावाने नेलं, मग लातूरची दुकानंही मागू लागली. धंदा चालला! सगळ्यात जास्त आश्चर्य साहेबांनाच वाटलं.

मुदत भरली आणि वडील आले. उंच, म्हातारे, अबोल. बापलेकांची गाठ बँकेत पडावी तशी पडली. दोघांची भाषा एकच, पण बोलणं नाही. म्हाताऱ्याने सकाळभर घाणा पाहिला, तेल लावून भाकरी खाल्ली. शेवटी साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि वर दस्ती टाकली. म्हातारा आधी गोंधळला. मग त्याचीही बोटं दस्तीखाली हलायला लागली. दस्ती निघाली तेव्हा दोघांचेही डोळे भरलेले.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"बाबा म्हणून राहिले, मी आता तयार झालो. कारखाना मीच सांभाळायचा."

एवढं सगळं बोटांनी कसं कळलं, ते मला विचारू नका. मला एवढंच उमगलं की हा माणूस हरला असता तरी जाणार होता आणि जिंकला म्हणूनही चालला. मग आम्ही घाणा फिरवला कशाला? मला फार वाईट वाटलं. आनंदाच्या प्रसंगी असं वाटावं याचाही राग आला.

घाणा त्यांनी माझ्या बायकोच्या हवाली केला. एसटी आली तेव्हा त्यांनी माझा हात धरला, वर दस्ती टाकली, माझी चार बोटं घट्ट दाबली आणि दस्ती माझ्याच हातात ठेवून गाडीत चढले. मी, गावाचा नेमलेला दुभाषी, चारचा अर्थ लावत राहिलो. शेवटी त्या दलालाला गाठलं.

"चार तर चार हाय, गुरुजी. पण चार काय, ते दोघांनी आधी बोलायचं असतंय. तुम्ही इचारलं न्हाई?"

नाही विचारलं. चार महिन्यांनी परत येतो म्हणाले असतील, तर ते होऊन गेले. चार वर्षं असतील तर माझं वय बघता साहेबांनी जरा घाई करायला हवी. वरची खोली मी कुणाला दिलेली नाही. रोज सकाळी आठला एसटी थांबते तिथे चहाला जातो. बायको म्हणते, "सायब सुताराच्या दारात बसायचे, तसे तुम्ही बसून राहिलात."

हाव, बसून राहिलोय.