दोनदा चालवलेली स्क्रिप्ट

त्याला मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. काही वर्षं शेजारच्या टेबलावर बसलो, इतकंच. त्याच्या डब्यात काय असायचं तेही कधी दिसलं नाही, कारण तो कॉम्प्युटरकडे तोंड करून जेवायचा. मला लिहायची सवय नाही. पण त्याच्यावर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

आमची कंपनी घरी वापरायची ऑक्सिजनची मशीनं बनवायची. पडद्यावर उमटणाऱ्या सूचना मी आपल्या भाषेत आणायचो आणि तो त्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या पोटातल्या प्रोग्रॅममध्ये, बसवायचा. त्या पडद्याला आपली अक्षरं थेट कळत नसत. प्रत्येक जोडाक्षराला एक आकडा द्यावा लागे. त्यासाठी त्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती आणि तिचा त्याला कोण अभिमान! तिला न कळलेलं अक्षर ती मुकाट्याने काढून तिथे चौकट ठेवी. म्हणून सगळे त्याला खोडरबर म्हणत. मी तक्रार घेऊन गेलो की म्हणायचा, तुमच्या भाषेलाच शिस्त नाही, काका. जणू हा लहानपणी आकड्यांत रडला होता.

कुलूप लावल्यावर माणसं ते ओढून बघतात, तसा तो बदललेल्या फायलीवर स्क्रिप्ट पुन्हा एकदा चालवायचा. खात्रीसाठी. एरवी त्या फेरीत ती काहीच करत नसे. नव्या मशीनच्या वेळी मात्र त्याने तिला आणखी हुशार केलं, आणि दुसऱ्या फेरीत ती आपणच घातलेले आकडे कचरा समजून झाडून टाकू लागली. सगळीकडे चौकटी, पण हे कळलं नंतर. अहवाल मात्र चकचकीत: न कळलेली अक्षरं शून्य, कारण अक्षरच उरलं नव्हतं. मी भीतभीत म्हटलं, एकदा पडद्यावर बघू या का? त्याने अहवालावर बोट ठेवलं आणि चहाला गेला.

त्यातलंच एक मशीन त्याने अक्कासाठी घरी नेलं. या थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं होतं. आता तिचा श्वास त्या मशीनच्या नळीवर चालायचा. एका दुपारी तिचा फोन आला, मशीन शिट्टी मारतंय. पडद्यावर काय लिहिलंय, याने दरडावून विचारलं. फोनमधून तिचा धापा टाकणारा आवाज मलाही ऐकू आला.

"चौकट आहे. पुढे चौकट. अरे, यात वाचू काय?"

खोडरबर धावत सुटला. तो पोचेपर्यंत शेजारणीने पलंगाच्या पायाखाली चेपलेली नळी सोडवली होती, म्हणून अक्का वाचली.

मशीनं परत मागवली गेली. मीटिंगमध्ये या पठ्ठ्याने सांगितलं की भाषांतरातली वाक्यंच फार लांब होती. दुसरी फेरी मात्र गुपचूप बंद झाली. सगळ्या मशीनांत दुरुस्त प्रोग्रॅम गेला, फक्त याच्या घरचं सोडून. अक्काला बघायला गेलो तेव्हा तिथे पडद्यावरच एक चिठ्ठी चिकटवलेली होती: शिट्टी वाजल्यास आधी नळी बघ. अक्षर त्याचं. सगळी जोडाक्षरं जागच्या जागी.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो जिन्यात भेटला. अक्का कशी आहे, मी विचारलं.

"बरी आहे. चिठ्ठी पुसट झाली म्हणते."

"मग नवी लिही."

"लिहितो. पेन आहे का, काका?"