आईनं भोरड्या उडवल्या

बाबा गेल्यावर मी आईला सुलतानपूरहून शहरात घेऊन आलो. ती रडली नाही, बोलत तर नव्हतीच. जेवतेस का विचारलं तर "हाव", झोपतेस का विचारलं तरी "हाव". जिची हाक चार शेतांपलीकडं ऐकू जायची, ती बाई आमच्या घरात पाऊल न वाजवता वावरायची. मला त्या "हाव"ची धास्ती बसली होती. अशी माणसं जोडीदाराच्या मागं फार दिवस राहत नाहीत, हे मी गावात पाहिलेलं.

वस्तीच्या कडेला एक जुनं तळं आहे. आता ते पक्ष्यांसाठी राखीव आहे. कुंपण, बाक, आणि बोलायला मनाई. गप्प झालेल्या बाईला गप्प बसायच्या जागी न्यायचं, ही अक्कल माझीच. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

हिवाळ्यातली संध्याकाळ होती. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ कॅमेरा रोखून बसलेले. मी जरा खाकरलो तरी ते ओठांवर बोट ठेवत. ऊन उतरलं तशा भोरड्या आल्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. हुरड्यात आलेल्या ज्वारीचा फडशा पाडणाऱ्या. आभाळ भरून थवा बाभळींवर उतरू लागला.

आई ताडकन उठली.

"हाऽऽ! हाऽऽ! हुर्रर्र!"

थवा भर्रकन उठला आणि तळं ओलांडून दिसेनासा झाला.

"अहो आजी!" गृहस्थ कळवळले. "दुपारपासून वाट पाहतोय मी!"

आई माझ्यावरच खेकसली, "पाहून काय राह्यला बे? हान ना ढेकूळ! सारा दाणा खाऊन टाकतीन!"

त्यांची माफी मागायला हवी होती, पण मला हसू आवरेना. किती दिवसांनी मी तिच्या शिव्या खात होतो! मग आईनं समोर नीट पाहिलं. पाणी होतं, बाभळी होत्या. ज्वारी कुठंच नव्हती. ती सावकाश खाली बसली.

"तुया बापाले गोफण कधी जमलीच नाही," ती म्हणाली. "दगड इकडं, भोरड्या तिकडं. म्या वरडाव अन् त्यानं नुसतं हासाव."

आणि ती रडायला लागली. मोठ्यानं, गावाकडं रडतात तशी. काय झालं म्हणून गृहस्थ कॅमेरा सोडून धावत आले.

मी तिला उगी उगी म्हटलं नाही.